ब्लाजेनामावशींनी काढायला लावलेलं घड्याळ

ब्लाजेनामावशी आमच्या ऑफिसात पहिल्यांदा आल्या, तेव्हा त्यांनी पिशवीतून घरात घालायच्या सपाता काढल्या, बूट दाराशी नीट जोडून ठेवले आणि विचारलं, "रस्ता कुठेय?"

रस्ता पडद्यावर होता. चेक देशातल्या ब्रनो शहरातल्या आमच्या लहानशा कंपनीत आम्ही चोवीस जण तीन वर्षं एकच व्हिडिओ गेम बनवत होतो, गाडी चालवायचा. येसेनिकच्या डोंगरातला एक आख्खा मुलूख आम्ही त्यात उभा केला होता: धरण, लाकडाची गिरणी, सात गावं आणि त्यांना जोडणारे घाटरस्ते. खेळणाऱ्याने पहिल्या मिनिटापासून वाटेल तिकडे स्टिअरिंग वळवावं, कुणी अडवणार नाही. त्यातली गोष्ट मी लिहिली होती. एमा नावाची मुलगी बाप गेल्यावर गावी परतते. बाप शर्यतींत गाडी पळवणारा. त्याची लाल गाडी सुटी होऊन सात गावांत विखुरलेली, कुणाकडे इंजिन, कुणाकडे नुसता दरवाजा. एमाने एकेकाला शर्यतीत हरवायचं, तो भाग मिळवायचा आणि शेवटी बापाची गाडी जोडून डोंगरावर न्यायची. मला ही गोष्ट फार आवडायची.

मावशी म्हणजे ल्यूबाची सख्खी मावशी. ल्यूबा आमच्याकडे झाडं, कुंपणं, छपरं काढायची. ती मावशी म्हणते म्हणून आम्ही सगळेच मावशी म्हणू लागलो. ब्लाजेना क्रुपोवा यांनी त्याच डोंगरात एकतीस वर्षं बस चालवली होती. सकाळी खाली, दुपारी वर, संध्याकाळी पुन्हा खाली. एक अपघात नाही. अठ्ठावन्नाव्या वर्षी काचबिंदूने त्यांची नजर कडांकडून मिटत आली. समोरचं लख्ख दिसायचं, पण बाजूचं काहीच नाही. डॉक्टरांनी तपासलं आणि लायसन्स गेलं. त्यानंतर मावशी घराबाहेर पडेनात. दुकानातसुद्धा जाईनात. ल्यूबा त्यांना ब्रनोला घेऊन आली, तर इथेही खिडकीला पाठ करून बसायच्या. शेवटी एका गुरुवारी ल्यूबाने थाप मारली. म्हणाली, "आमच्या गेममध्ये तुझा रस्ता चुकलाय असं सगळे म्हणतात. येऊन सांग तरी."

कुणीच तसं म्हणत नव्हतं.

आम्ही मावशींना स्टिअरिंग आणि पेडल लावलेल्या खुर्चीवर बसवलं. खुर्ची पडद्यापासून दोन हात मागे घ्यायला त्यांनीच सांगितलं. तेवढ्या अंतरावरून आख्खा पडदा त्यांच्या उरलेल्या नजरेत मावत होता. बाजूला जे दिसायचं नाही, ते इथे बाजूला नव्हतंच. हे त्यांच्या लक्षात आलं तो क्षण मी पाहिला. त्यांनी उजवा कोपरा बघितला, मग डावा, मग पुन्हा उजवा. हात पदराला पुसावेत तसे स्कर्टला पुसले आणि गाडी काढली.

पहिल्याच फाट्यावर थांबल्या.

"इंडिकेटर कुठेय?"

मी म्हणालो, "मावशी, गेममध्ये इंडिकेटर नाही."

"मग मागच्याला कळायचं कसं?"

"मागे कुणी नाहीये."

"मागे कुणी नाही असं तुला वाटतं," मावशी म्हणाल्या आणि खिडकीतून हात काढल्यासारखा हवेतच हात दाखवून वळल्या.

आमचे टेस्टर त्या रस्त्यावर ताशी दीडशेच्या खाली उतरत नसत. मावशींनी चाळीस मिनिटं चाळीसने गाडी चालवली. बॉस वोयतेख कॉफी घेऊन मागे येऊन उभा राहिला. हसू दाबत होता. मग मावशी बोलू लागल्या आणि त्याने कॉफी ठेवून वही घेतली.

"धरणाचं वळण आत कललेलं हवं, तुम्ही बाहेर कलवलंय. खरं असं असतं तर मी पहिल्याच हिवाळ्यात पाण्यात गेले असते. इथे झाडांची सावली आहे ना, इथला बर्फ दुपारपर्यंत वितळत नाही. पुढे ऊन आहे, तिथे कोरडं. माणूस कोरड्यावर वेग धरतो आणि पुढच्या सावलीत घसरतो. आणि गिरणीपाशी धुकं कुठेय? ओढा आहे तिथे. पुलावर चढलात की डोकं धुक्याबाहेर आलं पाहिजे."

वोयतेखने विचारलं, "दर गुरुवारी याल का?"

"येईन. पण ही खुर्ची भिकार आहे, कंबर धरते."

खुर्ची बदलली. मावशी गुरुवारी यायच्या, पुढे मंगळवारीही येऊ लागल्या. सोबत प्लमचा मुरांबा भरलेले गोड पाव आणायच्या. आम्ही सावलीतला बर्फ केला, ओढ्यावरचं धुकं केलं आणि हो, इंडिकेटरही केला. आमच्या खेळात एक बटण होतं. गाडी उलटली की ते दाबायचं, वेळ दहा सेकंद मागे जायची आणि चूक पुसली जायची. वोयतेखचा त्या बटणावर फार जीव. त्याने मावशींना मोठ्या हौसेने दाखवलं.

मावशी म्हणाल्या, "हे माझ्यापासून लांब ठेव. हाताला सवय लागेल."

मी एकदा विचारलं, "मावशी, खऱ्या बसची भरपाई होते का यात?"

"नाही रे राडिम. पडद्याला वास नाही. ओल्या कोटांचा, डिझेलचा, मागे कुणीतरी सोललेल्या संत्र्याचा." जरा थांबून म्हणाल्या, "पण वळण आलं की हात आपणहून फिरतो. माझ्या हाताला कुणी अजून सांगितलेलं नाही की मी रिटायर झाले."

ती हकीकत त्यांनी अशीच जाता जाता सांगितली, पावाला लोणी लावता लावता. एका फेब्रुवारीत, संध्याकाळच्या खाली येणाऱ्या फेरीला, वरच्या गावातून हाना नावाची बाई बसमध्ये चढली. दिवस भरलेले. शेवटचा थांबा येईपर्यंत कळा सुरू झाल्या. बर्फ एवढा पडत होता की अँब्युलन्स वर येईना. मावशींनी शेवटच्या थांब्यावर बस थांबवलीच नाही. उतारू होते अकरा. त्यांना ओरडून विचारलं, "हॉस्पिटलला नेते. कुणाची हरकत?" कुणाचीच नव्हती. एका म्हाताऱ्याने तर स्वतःचा कोट काढून दिला. एरवी पाऊण तासाचा उतार. मावशींनी दोन तास लावले.

"दोन तास?" वोयतेख म्हणाला. "घाई नव्हती?"

"घाई होती म्हणूनच. एक धक्का बसला असता तर?" मावशी म्हणाल्या. "आरशात बघायची सोय नव्हती, मी कानाने चालवत होते. ती ओरडली की मी हळू. ती श्वास घेई तेवढ्यात जरा पुढे. मुलगा हॉस्पिटलच्या दारात झाला. डेपोने मला मार्ग सोडला म्हणून लेखी ताकीद दिली आणि वर्षभर दुसऱ्या रस्त्यावर टाकलं."

"वाईट वाटलं असेल," ल्यूबा म्हणाली.

"वाईट कसलं? तो रस्ता सपाट होता, कंटाळा आला एवढंच."

"आणि तो मुलगा?"

"दातांचा डॉक्टर झाला. गाडीत बसला की त्याला मळमळतं."

आम्ही ही फेरी खेळात घालायची ठरवली. एमा बापाच्या गाडीचा गिअरबॉक्स घ्यायला वरच्या गावी जाते, बर्फात अडकते आणि बसच्या ड्रायव्हरचा हात मोडलेला असल्यामुळे बस तिला चालवावी लागते, असं मी लिहिलं. वोयतेखने पडद्याच्या कोपऱ्यात घड्याळ लावलं. बारा मिनिटांत हॉस्पिटल गाठा. मावशी खुर्चीवर बसल्या, घड्याळ पाहिलं आणि हात मांडीवर ठेवले.

"हे काढ."

"मावशी, घड्याळ नसेल तर खेळणाऱ्याला गंमत काय?"

"ड्रायव्हरला घड्याळ दाखवलंस की तो घड्याळ चालवतो, बस नाही. तू बसमध्ये बसलायस कधी, वोयतेख? की जन्मापासून सायकलवरच आहेस?"

सगळे हसले. वोयतेखही हसला, पण त्याने घड्याळ काढलं नाही. आम्ही आपसांत खेळून पाहिलं. सगळ्यांनी बस पळवली, उलटवली, बटण दाबून वेळ मागे नेली, पुन्हा पळवली. दहाव्या खेपेला बाराच्या आत पोहोचले. मी एकेकाला विचारलं, "मागे ती बाई काय म्हणत होती?" कुणालाही सांगता येईना. ते आवाज नोंदवायला आम्ही एका नटीबरोबर तीन दिवस घालवले होते.

तेव्हा वोयतेखने घड्याळ काढलं. मागे नेणारं बटणही त्या एका फेरीपुरतं बंद केलं. आता जोरात ब्रेक मारला की मागे कुणीतरी पडायचं, हानाचा आवाज चढायचा. सावकाश नेलं की श्वास लांबायचा, आणि तो कोटवाला म्हातारा हलक्या आवाजात म्हणायचा, "छान चाललंय, पोरी."

महिन्याभराने बाहेरचे चौदा लोक खेळून बघायला बोलावले. मावशी मागच्या बाकावर सपाता घालून बसल्या होत्या. त्या लोकांत एक आडदांड गडी होता, अशा खेळांच्या स्पर्धा जिंकलेला. आल्या आल्या म्हणाला, "बस? मी काय बस चालवायला आलोय?" तीनदा दरीत गेला. प्रत्येक खेपेला पहिल्या थांब्यापासून सुरुवात. चौथ्या खेपेला त्याने हेडफोन कानावर घट्ट दाबले आणि पुढे वाकला. वेग चाळीस, मग तीस. धुक्यातून पूल चढला. सावलीतला बर्फ आला तेव्हा पाय ब्रेकवरून उचलला आणि बसला आपल्या वजनाने जाऊ दिलं. मावशी माझ्या कानाशी म्हणाल्या, "आता आलं याला."

हॉस्पिटलच्या दारात बस थांबली. त्याने हेडफोन काढले, पण स्टिअरिंग सोडलं नाही. आमच्याकडे वळून विचारलं, "मूल ठीक आहे ना?"

"ठीक आहे," मावशी म्हणाल्या. "दातांचा डॉक्टर आहे."

त्या संध्याकाळी मी माझी गोष्ट पुन्हा उघडली. सातही भाग शर्यतीत जिंकायचे, ते मला पोकळ वाटू लागलं होतं. तीन शर्यती ठेवल्या. गिरणीवाला कार्ब्युरेटर देतो, पण त्याच्या फळ्या एकही न पाडता घाट उतरवून दिल्या तर. एक विधवा दरवाजा देते, पण आधी तिला नवऱ्याच्या सगळ्या आवडत्या जागा गाडीतून दाखवून आणायच्या. वोयतेखने वाचलं आणि म्हणाला, "हे सगळं मावशींना दाखव, मग मला." मावशींनी फळ्यांच्या फेरीतला उतार बदलून घेतला, बाकी पसंत केलं.

खेळ पुढच्या शरदात बाजारात आला. लोकांनी शर्यती वाखाणल्या, रस्ते वाखाणले, पण पत्रं आली ती बसच्या फेरीबद्दल. एका खेळणाऱ्याने लिहिलं की ती पार केल्यावर आपण आठ दिवस खरी गाडी हळू चालवली. मावशींना वाचून दाखवलं तेव्हा म्हणाल्या, "नवव्या दिवशी काय झालं ते विचार."

आता मावशी ल्यूबाच्या घरून रोज सकाळी नऊला खेळातली बस काढतात, आपली जुनी फेरी करतात आणि प्रत्येक थांब्यावर थांबतात. खेळाचं जग सगळ्यांना सामायिक आहे. हवं त्या देशातल्या खेळणाऱ्याची गाडी त्याच रस्त्यावर तुम्हाला दिसते. सुरुवातीला पोरं त्यांना हॉर्न मारून, कट मारून निघून जायची. मग कुणीतरी ओळखलं की हॉस्पिटलची ती फेरी खरी चालवलेली ड्रायव्हर हीच. मागच्या आठवड्यात मी शेजारी बसून पाहत होतो. मावशींच्या आरशात सतरा गाड्या होत्या, लाल, पिवळ्या, जमिनीला टेकलेल्या, ताशी तीनशेने पळू शकणाऱ्या. सगळ्या चाळीसने रांगेत येत होत्या.

"हे मला ओव्हरटेक का करत नाहीत?" मावशींनी विचारलं.

"तुमच्याकडून रस्ता शिकतायत," मी म्हणालो.

मावशींनी मान हलवली, गिरणीच्या थांब्याच्या बऱ्याच आधी इंडिकेटर दिला, आणि मागच्या सतरा गाड्यांचे पिवळे दिवे एकामागून एक लुकलुकू लागले.