काळी पडलेली पेंड

लग्न होऊन मी मुकुंदवाडीत आले, तेव्हा आमच्या गोठ्यात सात म्हशी होत्या. सासरे मूळचे फुलंब्रीकडचे, मेंढरांमागं फिरून वाढलेले. चरायला रानं उरली नाहीत तशी त्यांनी मेंढरं काढून टाकली आणि शहराच्या कडेला म्हशी बांधल्या. मी त्यांना मामा म्हणायची, नवरा आबा म्हणायचा. दूध वाटायचं काम आम्हा नवराबायकोचं होतं, पण म्हशींचं खाणं मामा कुणाच्या हाती देत नसत. पेंडेचा तुकडा आधी नाकाला लावायचे, मग दातांनी कुरतडून बघायचे, मगच भिजत घालायचे.

तेव्हा पेंड कुठून येते हे विचारावं लागत नव्हतं. फुलंब्रीच्या वाटेवर तेलाची मिल होती. दाणा पिळून तेल एकीकडं निघायचं आणि उरलेला चोथा, म्हणजे पेंड, दुसरीकडं पडायची. मामा समोर उभे राहून पोती भरून घ्यायचे. घरी आणलं तरी पोतं कोमट लागायचं. आधी शेंगदाण्याची पेंड होती, अधूनमधून करडईची. मग गावोगाव भुईमुगाच्या जागी कापूस आला आणि आमच्या गव्हाणीत सरकीची पेंड पडू लागली. म्हशींनी दोन दिवस तोंड फिरवलं, तिसऱ्या दिवशी चटावल्या.

पुढं मिल बंद पडली. तिथं मंगल कार्यालय झालं. आमच्या गोठ्याच्या तिन्ही बाजूंना इमारती उठल्या, दुधाची घरं वाढली आणि पेंड ट्रकनं, शिवलेल्या पोत्यांतून यायला लागली. मामांनी व्यापाऱ्याला विचारलं, "ही कुठली हाय?"

"काय सांगू? कधी गुजरातची, कधी तेलंगणातली. चांगली असते ती बोटीत चढून बाहेर देशात जाते म्हणतात."

मामा घरी येऊन जेवले नाहीत. मला एवढंच म्हणाले, "बनताना बघितली नाय अशी पेंड जनावराला घालायची म्हंजी लई अवघड झालं."

मग पावसानं सलग दोन वर्षं दगा दिला. कापूस गुडघ्याएवढा होऊन वाळला. बोंडंच नाहीत तर सरकी कुठली आणि पेंड कुठली? कन्नड तालुक्याकडं कडबा संपला, लोक उसाचे वाढे, म्हणजे शेंड्याचा पाला, आणायला लागले. आम्हाला पाणी टँकरचं, ते आधी म्हशींना. व्यापाऱ्याच्या दारात माणसं पोत्यासाठी ताटकळायची. एके दिवशी नवरा दुपारभर उभा राहून दहा पोती घेऊन आला.

मामांनी पहिलं पोतं उसवलं, तुकडा नाकाला लावला आणि खाली ठेवला. पेंड पिवळी नव्हती, काळपट होती. फोडली तर आत हिरवट भुकटी.

"परत दे," मामा म्हणाले.

"आबा, परत देऊन आणू काय? साऱ्या बाजारात पेंड नाय."

मामांनी म्हशींकडं बघितलं. बरगड्या मोजता येत होत्या. शेवटी म्हणाले, "उन्हात घाला. झटकून घाला. पण गाभण म्हशीला हिचा कणबी नको."

मी गच्चीवर पेंड वाळवली, फडक्यानं पुसली. वास गेला नाही, पण कमी झाला असं मी स्वतःला सांगितलं. गाभण म्हैस बाकीच्यांच्या टोपल्यांकडं मान ताणून हंबरायची. चार दिवस मी ऐकलं. पाचव्या दिवशी तिलाही भिजवून घातली. मामांना सांगितलं नाही.

दोन आठवड्यांनी ती गाभडली. रेडकू हाताएवढं, अंगावर केसही नव्हते. दुसऱ्या दोघींनी खाणं सोडलं, त्यांच्या डोळ्यांत पिवळेपणा आला, दूध निम्म्यावर उतरलं. जनावरांचे डॉक्टर आले. त्यांनी म्हशींआधी पेंड बघितली.

"हे किती दिवस घालताय?"

"तीन आठवडं," नवरा म्हणाला.

"आणि दूध? दूध कुठं जातं?"

मी समोरच्या इमारतींकडं हात केला. डॉक्टरांनी हातातला पेंडेचा तुकडा खाली टाकला. मग म्हणाले, "या बुरशीचं विष दुधात उतरतं. उकळून जात नाही. यकृतावर त्याचा परिणाम उशिरानं दिसतो."

ते गेल्यावर नवरा म्हणाला, "कुणाला सांगू नको. उद्यापासून पेंड बंद करू. म्हशी तर चालल्याच, दुधाची घरंबी तुटतील."

मामा दावणीला टेकून बसले होते. त्यांनी मला विचारलं, "गाभणीला घातली व्हतीस?"

"व्हय," मी म्हणाले. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या सकाळी मी रोजच्यासारखी कॅन घेऊन निघाले. पहिल्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर दहा महिन्यांची मुलगी होती, आमच्याच दुधावर वाढत होती. तिच्या आईनं पातेलं पुढं केलं. मी अर्धं माप ओतलं आणि हात थांबला.

"ताई, हे ओतून द्या."

"का? नासलंय?"

"नासलेलं नाय. म्हशींच्या पेंडेला बुरशी होती. डॉक्टर म्हणतात, विष दुधात येतं."

तिनं पातेल्यात बघितलं, मग कडेवरच्या मुलीकडं. "कधीपासून?"

"तीन आठवडे."

तिनं दार लावलं. आतून मुलीच्या हसण्याचा आवाज येत होता. उरलेल्या सगळ्या घरांचे जिने मी त्या दिवशी चढले आणि तेच वाक्य सांगितलं. कुणी शिव्या दिल्या. कॅन मी नाल्यात रिकामा केला.

महिन्याभरात चार म्हशी गेल्या. उरलेल्या तीन घेऊन मामा गावाकडच्या चारा छावणीत राहायला गेले, ते शहरात परत आलेच नाहीत. नवरा माझ्याशी कामापुरतं बोलायचा. पुढं तो एका कारखान्याच्या गेटवर लागला.

चार पोती शिल्लक होती. नवऱ्यानं ती व्यापाऱ्याला परत केली. मी सोबत होते. आम्ही अजून दुकानातच होतो, तेवढ्यात हमालांनी तीच पोती कन्नडच्या टेम्पोत चढवली. मी ड्रायव्हरला म्हणाले, "भाऊ, ही पेंड घालू नका, आमच्या म्हशी मेल्या हिनं."

तो म्हणाला, "बाई, तिकडं जनावरं तशीबी मरायलीत." आणि त्यानं टेम्पो काढला.

वर्षभरानं भाजीबाजारात तिसऱ्या मजल्यावरच्या त्या मुलीची आई भेटली. मुलगी तिचं बोट धरून उभी होती, किरकोळ, मोठ्या डोळ्यांची. मी विचारलं, "बरी हाय ना?"

"अजून तरी बरी आहे," ती म्हणाली, आणि तिला उचलून घेऊन गर्दीत निघून गेली.