एकशे त्रेसष्ट ठळक ओळी

चष्म्याच्या दुकानाशेजारचा जिना चढून गेलं की डाव्या हाताला फाइलबाईंची खोली. खोलीत दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि लेखकांसाठी मुद्दाम ठेवलेली एक खुर्ची. या खुर्चीची बैठक पुढे उतरती होती. बाईंनी ती कधी दुरुस्त करून घेतली नाही, कारण आरामशीर बसलेला लेखक जेवणाची वेळ झाली तरी उठत नाही, हा त्यांचा सतरा वर्षांचा अनुभव होता.

काम सांगायला सोपं होतं. लोक घरच्या कॉम्प्युटरवर पुस्तक टाइप करून आणत आणि बाई ती फाइल ई-बुकच्या फॉर्मॅटमध्ये बदलून देत. मग कुठल्याही प्रकाशकाच्या दारात न ताटकळता लेखक स्वतःचं पुस्तक स्वतःच जगासमोर ठेवायला मोकळा. जगाने ते मागितलं होतं का, हे बाई विचारत नसत. निवृत्त माणसाला सकाळी दहा वाजता जायला ऑफिस उरलं नाही की आत्मचरित्र सुचतं आणि त्यावर आपली खोली चालते, एवढं त्यांना पुरेसं होतं.

या मंडळींच्या फायली म्हणजे डोक्याला ताप. ओळ मधोमध आणायला कुणी चाळीस वेळा स्पेस दाबलेली, नवं पान हवं म्हणून कुणी वीस वेळा एंटर ठोकलेलं. कुणी कुठल्याशा जुन्या फॉन्टमध्ये लिहिलेलं असे, ते उघडलं की अक्षरांऐवजी नुसते चौकोन दिसत. एका कवीने ते चौकोन बराच वेळ न्याहाळले आणि हे असंच ठेवता येईल का, असं विचारलं. बाईंना मनातून ते पटलं होतं, पण त्या बोलल्या नाहीत. मजकुराला हात लावायचा नाही, हा त्यांचा नियम होता. आकार माझा, मजकूर तुमचा, असं त्या पहिल्याच दिवशी सांगून टाकत. एका गृहस्थांनी स्वतःचा जन्म आईच्या जन्माच्या दोन वर्षं आधी दाखवला होता, तोही त्यांनी तसाच जाऊ दिला.

अशा या बाईंकडे साहेब आले. साहेब पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झाले होते, पण ते खात्याने मानलं होतं, साहेबांनी नाही. घरी, दारी, भाजी घेतानाही ते साहेबच असत. आत्मचरित्र चारशे बारा पानांचं. टायपिंग शिकवताना खात्यातल्या कुणीतरी त्यांना ‘शीर्षक’ नावाचं बटण दाखवलं होतं. ते दाबलं की ओळ मोठी आणि ठळक होते. महत्त्वाचं वाक्य ठळक हवं, एवढंच साहेबांनी लक्षात ठेवलं. आता स्वतःविषयीचं प्रत्येक वाक्य साहेबांना महत्त्वाचं वाटायचं, त्याला बिचारं बटण काय करणार?

ई-बुक मात्र स्वभावाने भोळं. शीर्षक लावलेली ओळ दिसली की ते तिला प्रकरणाचं नाव समजतं आणि उचलून अनुक्रमणिकेत टाकतं. फाइल बदलून झाल्यावर बाईंनी अनुक्रमणिका उघडली आणि कपाळाला हात लावला. एकशे त्रेसष्ट ओळी होत्या.

त्यांनी साहेबांना बोलावून घेतलं. खालच्या दुकानात पत्नीचा नवा चष्मा तयार झाला होता, म्हणून साहेब तिलाही घेऊन आले. साहेब उतरत्या खुर्चीत बसले, काकू दाराजवळच्या स्टुलावर. साहेबांचा स्वतःचा चष्मा घरी राहिला होता, त्यामुळे बाईंनीच अनुक्रमणिका वाचायला घेतली. मी तेव्हाही डगमगलो नाही. सर्व जण माझ्याकडे पाहतच राहिले. गळती कुठे आहे ते मीच शोधून काढलं. रजा वाढवून मागणाऱ्यांची मी गय केली नाही. अखेर माझंच खरं ठरलं. पुन्हा माझंच खरं ठरलं.

एवढं ऐकून माणूस लाजेल, म्हणेल की यातल्या दीडशे ओळी लहान करा, अशी बाईंची अपेक्षा होती. साहेबांनी डोळे मिटून घेतले होते. चेहऱ्यावर तृप्ती. नुसतं हे वाचलं तरी पुस्तक वाचल्यासारखं आहे, असं ते म्हणाले. मग पुस्तक वाचायची गरजच नाही, असं बाई म्हणाल्या, तर त्यांना तेही कौतुकच वाटलं.

तेवढ्यात काकूंनी हळूच विचारलं, “आमचं लग्न कुठे आहे हो यात?”

अनुक्रमणिकेत नव्हतं. बाईंनी चारशे बारा पानांत शोधलं, तर एकाच ठिकाणी सापडलं. पंपहाउसच्या प्रकरणात, बारीक अक्षरांत: ‘त्याच आठवड्यात माझा विवाह झाला.’ आणि खाली ठळक: ‘तरीही मी एक दिवसही रजा घेतली नाही.’

काकू उठून स्क्रीनपाशी आल्या. नव्या चष्म्यातून त्यांनी दोन्ही ओळी वाचल्या.

“तीन दिवस घेतली होती,” त्या म्हणाल्या. “तलावावर गेलो होतो आपण. खोलीची खिडकी लागत नव्हती, तर तुम्ही तुमचा कोट कोंबला होता तिथे.”

साहेबांनी घसा साफ केला. पुस्तकात तसं बरं दिसत नाही, उद्या खात्यातली माणसं वाचणार, असं ते समजावू लागले. काकूंचं तिकडे लक्षच नव्हतं. त्या तीन दिवसांनंतर एक्केचाळीस वर्षांत दोघं कुठेही गेले नव्हते. दर वेळी कुठलातरी पाइप फुटायचा. काकूंनी सगळा संसार त्या तीन दिवसांच्या आठवणीवर ढकलला होता, आणि आता तेही झालेच नव्हते म्हणे. त्यांना फार लागलं. बाईंना ते दिसलं. साहेबांना दिसायला चष्मा तरी कुठे होता?

“यातलं एक काढा,” काकू म्हणाल्या. “रजेचं काढा, नाहीतर लग्नाचं काढा. दोन्ही एकाखाली एक नकोत.”

साहेबांनी खुर्चीत सावरून बसत विचार केला. पुरतं अर्धं मिनिट केला, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं.

“लग्नाचं काढा,” ते म्हणाले. “तसंही ते सगळ्यांना माहीतच आहे.”

या माणसाला खुर्चीसकट जिन्यावरून खाली सोडावं, असं बाईंना मनापासून वाटलं. पण मजकूर त्याचा होता. त्यांनी दात-ओठ खात ती ओळ पुसली. काकूंनी चष्मा काढून डबीत ठेवला आणि त्या जिना उतरून गेल्या.

रविवारी वाचनालयाच्या सभागृहात प्रकाशन झालं. बाई मागच्या रांगेत बसल्या होत्या. लोकांनी पुस्तक आपापल्या मोबाइलवर उघडलं आणि अंगठ्याने अनुक्रमणिका वर सरकवत बसले. भाषणं संपली तरी कुणी पहिल्या प्रकरणापर्यंत पोचलं नव्हतं. पुढच्या रांगेतली एक खुर्ची रिकामी होती. आभाराच्या वेळी खात्यातल्या एका जुन्या कारकुनाने माइक हातात घेतला. त्याच्या रजेचे अर्ज साहेबांनी जन्मभर नामंजूर केले होते.

“साहेब, वहिनी कुठे दिसत नाहीत,” तो म्हणाला. “पुस्तकातही नाहीत.”

सभागृह हसलं. एकशे त्रेसष्ट ओळींत कुठेही न डगमगलेल्या साहेबांनी मान खाली घातली.

सोमवारी बाई कुलूप काढत होत्या, तेव्हा साहेब जिन्यात उभे होते. दाढी वाढलेली, शर्टाला इस्त्री नाही. काकू शनिवारीच गेल्या होत्या, फ्रिजवर चिठ्ठी लावून. चिठ्ठीत ‘तीन दिवस रजेवर आहे’ एवढंच लिहिलं होतं. तलावावर गेली असणार, असं साहेब म्हणाले. मग विचारलं, “हे छापलेलं नाही, तेव्हा बदलता येतं ना?”

येतं, असं बाई म्हणाल्या. या पुस्तकात तेवढीच एक चांगली गोष्ट आहे, हे त्यांनी ओठांवर आलेलं गिळलं.

“रजेची ती ओळ काढा आणि लिहा,” साहेब म्हणाले. “त्याच आठवड्यात माझा विवाह झाला. मी फक्त तीन दिवस रजा घेतली.”

“मोठं करायचं?”

“करा. अनुक्रमणिकेत दिसू दे. ती तेवढंच वाचेल.”

साहेब जिना उतरून गेल्यावर बाईंनी ती ओळ पुन्हा वाचली. मग सतरा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी न विचारता दुसऱ्याच्या मजकुराला हात लावला आणि ‘फक्त’ पुसून टाकलं. खालच्या चष्म्याच्या दुकानातून काकूंचा नंबर घेऊन नवी फाइल त्यांनी साहेबांच्या आधी काकूंना पाठवली.

उत्तर संध्याकाळी आलं. ‘वाचलं. रजा आणखी दोन दिवस वाढवली आहे. साहेबांना कळवावं.’