बोका, भोपळा आणि आमचा चातुर्मास

तुम्ही तिघं भावंडं बोका आमच्याकडे ठेवून परगावी गेलात तो दिवस आषाढातल्या दशमीचा. आदल्या दिवशी कांदेनवमी होती, म्हणून घरातले सगळे कांदे आपण भजी आणि थालीपिठं करून संपवले होते. एकादशीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत आपल्या घरात कांदा-लसूण येत नाही. तुमच्या बोक्याला हे सांगायची गरज पडली नाही.

बोक्याबरोबर तुम्ही एक छापील कागदही ठेवून गेलात. त्याला काय काय द्यायचं नाही, त्याची यादी. मी तो कपाटाच्या दाराला आतून चिकटवला आणि प्रत्येक ओळीपुढे पेन्सिलीने शेरा लिहिला. चॉकलेट : घरात आणत नाही. द्राक्षं : हंगाम नाही. कांदा, लसूण : लागू नाही. ज्या दिवशी लिहिलं त्या दिवशी ते अगदी बरोबर होतं.

गणपतीनंतर बोक्याला शौचाला होईना. दोन दिवस तो वाळूच्या ट्रेमध्ये जाऊन नुसता विचार करून बाहेर येत होता. तिसऱ्या दिवशी आम्ही त्याला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्या वयाने तुमच्या आईहून लहान आहेत, पण बोका त्यांना घाबरतो.

"लाल भोपळा उकडून द्या, आजी," त्या म्हणाल्या. "साल आणि बिया काढून, एक-दोन चमचे. मीठ नाही, फोडणी नाही."

"भोपळा? मांजराला?" तुमचे आजोबा म्हणाले. त्यांना स्वतःला भोपळा आवडत नाही.

"चालतो. पोटाला चांगला असतो."

बोक्याने उकडलेला भोपळा हुंगला आणि ट्रेमध्ये वाळू लोटतो तशी त्याच्याभोवतीची फरशी खरवडली. आमच्या ताटातली तूप-जिऱ्याच्या फोडणीची भाजी मात्र तो पंजा घालून पळवू लागला. मी डॉक्टरीणबाईंना फोन केला.

"भाजीत कांदा-लसूण असतं का?" त्यांनी विचारलं.

"आमच्याकडे चालत नाही," मी म्हणाले. जरा अभिमानानेच म्हणाले असेन.

"मग एखादा चमचा द्या. पण मीठ-मसाला नको."

मीठ नको म्हणून मी भाजीतल्या फोडी चहाच्या गाळणीत घेऊन नळाखाली धुवायला लागले. तुपाचा वास तेवढा मागे राहायचा, आणि बोक्याला तेवढा पुरत असे. त्याचं पोट सुधारलं. "मलाही धुऊनच वाढ," आजोबा म्हणायचे, "चवीत काही फरक पडायचा नाही."

कार्तिकात तुळशीचं लग्न झालं. आपल्या स्वयंपाकाच्या बाई विक्रोळीहून येतात, माहेर मालवणकडचं. चार महिने त्यांनी आमचा स्वयंपाक सुतकी चेहऱ्याने केला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी कढईवर झाकण ठेवत त्या म्हणाल्या, "काकी, आज भोपळ्यात कांदो घातलंय हां. लसूणपण. आता बघा चव!"

"बरं झालं," मी म्हणाले. मग दोन चमचे फोडी गाळणीत घेतल्या, दिसला तेवढा कांदा चिमटीने वेचून काढला, फोडी धुतल्या आणि बोक्यापुढे ठेवल्या. त्याने बशी चाटून लख्ख केली.

जेवताना आजोबांनी भाजीचा दुसरा घास घेतला आणि ते थांबले. "अगं, बोक्याने आज काय खाल्लं?"

"हेच. धुऊन."

"कांद्याचं?"

मी कपाट उघडलं. "लागू नाही" हे माझ्याच अक्षरात होतं, आणि अक्षर चांगलं होतं.

"तुम्ही तर म्हणाला होतात, तुमच्याकडे चालत नाही!" डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या.

"तेव्हा चातुर्मास होता."

"आणि आता?"

"काल संपला. पण मी कांदा काढून, धुऊन दिलं."

"आजी, कांदा धुऊन जात नाही. त्याचा रस भोपळ्यात उतरलेला असतो. ताबडतोब घेऊन या."

त्यांनी इंजेक्शन देऊन त्याला उलटी करवली. तरी अंगात किती गेलं ते सांगता येत नाही, म्हणाल्या. कांद्याने मांजराच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात, आणि ते लगेच दिसत नाही, कधी कधी चार-पाच दिवसांनी कळतं. तोवर हिरड्या पांढऱ्या पडतात का, लघवी गडद होते का, तो गळून जातो का, हे पाहायचं. पाचव्या दिवशी रक्त तपासायचं.

मी दिवसातून तीनदा त्याचा ओठ वर करून हिरड्या पाहत होते. आजोबा विजेरी धरत. तिसऱ्या दिवशी मला त्या फिक्या वाटल्या आणि आजोबांना गुलाबी. "तुझा चष्मा बदल," ते म्हणाले. "तुम्ही विजेरी सरळ धरा," मी म्हणाले. बोक्याने दोघांनाही ओरबाडलं, आणि त्याच्या अंगात ताकद आहे एवढं तरी कळलं.

चौथा दिवस रविवार होता, तुमच्या फोनचा. धाकटीने विचारलं, "आजी, तो बरा आहे ना?" मी म्हणाले, "बघ, तुझ्यासमोर आहे," आणि फोन त्याच्याकडे वळवला. तो शेपूट चाटत होता. तिने पडद्यावरच त्याचा पापा घेतला. फोन ठेवल्यावर आजोबा उठून स्वयंपाकघरात गेले. चहा त्यांनी स्वतःच केला, एकच कप.

पाचव्या दिवशी रक्त तपासलं. "ठीक आहे. वाचला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

परतताना रिक्षात आजोबांनी विचारलं, "आता मुलांना सांगणार ना?"

"रिपोर्ट आला की सांगते म्हटलं होतं."

"रिपोर्ट तुझ्या मांडीवरच आहे."

म्हणून लिहिते आहे. त्या रविवारी तो बरा आहे की नाही, हे मला माहीत नव्हतं, आणि तेच मी तिला सांगायला हवं होतं. बोका तुमचा आहे. तो पुढेही माझ्याकडे ठेवायचा की नाही, हे तुम्ही तिघांनी बसून ठरवा. त्याचा भोपळा मी आता वेगळ्या भांड्यात उकडते. तो खात नाही, पण मी रोज ठेवते.