एका जागी ठेवलेली नावं

शर्टाच्या वरच्या खिशावर तळवा ठेवून काका म्हणायचे, "सगळं एका जागी हाय ना? मग कावून हलवायचं?"

खिशात पेनड्राइव्ह असायचा, तोही दोऱ्याने गुंडीला बांधलेला. रोज संध्याकाळी दवाखान्याची फाईल त्यात उतरवायची, घरी न्यायची आणि डाळीच्या डब्यात ठेवायची, हा त्यांचा नेम. एकदा डाळीबरोबर पेनड्राइव्ह कुकरमध्ये जाता जाता वाचला, हे त्यांनीच हसत सांगितलं होतं. असा एखादा माणूस तुमच्याही कचेरीत असेल. आपण त्याला हसतो आणि अडलं की त्याच्याकडेच जातो.

शिरूर कासारच्या एका लहानशा धर्मादाय दवाखान्यात आम्ही दोघं नोंदी ठेवायचो. ते पन्नाशी उलटलेले, मी केजहून कॉम्प्युटरचा डिप्लोमा करून आलेली. सगळे त्यांना काका म्हणत, मीही म्हणू लागले. ऊसतोडीच्या टोळ्या निघण्याआधी बायका-लेकरांची तपासणी करायची, नोंद करायची आणि प्रत्येकीच्या हातात कार्ड द्यायचं, हे आमचं वर्षातलं सगळ्यात मोठं काम. कार्डावर दवाखान्याचा फोन नंबर असे. परमुलखात कुणी आजारी पडलं की तिथला डॉक्टर फोन करायचा आणि काका इथून तिची सगळी माहिती वाचून दाखवायचे.

ही सगळी नावं एकाच फाईलीत होती आणि ती फाईल काकांनी स्वतः शिकून बनवली होती. माहितीही तिच्यातच आणि आपण ज्यावर टाइप करतो ते फॉर्मही तिच्यातच. मला ते पाहवत नसे. मी म्हणाले, "काका, हिचे दोन भाग करू. माहिती एका फाईलीत, फॉर्म दुसऱ्या फाईलीत. मग मला फॉर्म बदलायचा असला तर तुमच्या माहितीला धक्का लागणार नाही."

"नाव इथं अन् माणूस तिथं, आसलं न्हाई करायचं, ताई."

हा कसला हट्ट, म्हणून मी चिडायचे. तोंडानेही काही कमी बोलले नाही. मग एकदा चहा पिताना त्यांनी सांगितलं. लहानपणी ते आईबापाबरोबर ऊसतोडीला जायचे. बरोबर धाकटी बहीण. एका हंगामात ती तिकडेच तापाने गेली. "अन् हिकडं शाळंत मास्तर मार्चपतूर तिची हजेरी घेत ऱ्हायले. नाव हिकडं हुतं ना." एवढं बोलून त्यांनी कप विसळायला घेतला. मी त्यानंतर काही दिवस फाईलीचा विषय काढला नाही.

काही दिवसच. स्वभाव जात नाही.

टोळ्या निघायच्या आठवड्यात डॉक्टर म्हणाले, फॉर्मवर टोळीच्या मुकादमाच्या फोन नंबरसाठी जागा हवी. काकांना न विचारता मी संध्याकाळी फाईलीची प्रत घरी नेली, रात्रीतून जागा केली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी, ते जेवायला गेले असताना, माझी फाईल त्यांच्या फाईलीवर टाकली. त्यांनी सकाळपासून केलेल्या नोंदी त्या जुन्या फाईलीत होत्या. सगळ्या पुसल्या गेल्या. पेनड्राइव्हवर होतं ते आदल्या संध्याकाळचं.

मी रडायला लागले. काकांनी वही काढली, सकाळी आलेल्या बायका आठवून गाव आणि टोळी लिहून काढली, आणि जीप धरून निघाले. जाताना डॉक्टरांना सांगितलं, "माझ्या हातनं झालं, साहेब."

अंधार पडताना परत आले तेव्हा चपलेचा अंगठा तुटलेला होता. एक सोडून सगळ्या बायका सापडल्या होत्या. "आठवा महिना हुता तिला. तोंड ध्यानात हाय, नाव आठवंना." मग माझ्यासमोर खुर्ची ओढून बसले. "तुमची चूक न्हाई, ताई. मी आडून बसलो हुतो. करा दोन."

मी दोन फाईली केल्या. त्यांची अट एकच: "माहिती माझ्यापाशी ऱ्हाऊ द्या. फॉर्म तुमी न्या." त्यामुळे माहिती त्यांच्या कॉम्प्युटरवर राहिली आणि तो चालू झाल्याशिवाय आमचा कुणाचाच फॉर्म उघडेना. काका अर्धा तास आधी यायला लागले. आले की त्या बाईसाठी ठेवलेली ओळ पहिल्यांदा उघडून बघायचे. तिच्यात फक्त 'आठवा महिना' एवढंच लिहिलेलं होतं. नावाची जागा रिकामी.

थंडीत एके सकाळी माझ्या पडद्यावर आलं, फाईल सापडत नाही. मी नर्सला म्हणाले, "आज स्वारीला उशीर झालेला दिसतोय." आम्ही दोघी हसलो. थोड्या वेळाने त्यांच्या घरून फोन आला. पहाटे छातीत कळ आली आणि दवाखान्यात आणायलाही वेळ मिळाला नाही. ते हसणं मला अजून टोचतं.

माहिती माझ्या कॉम्प्युटरवर आणायला पाच मिनिटं पुरतील. मी आणली नाही. अर्धा तास आधी येते, त्यांचा कॉम्प्युटर चालू करते आणि माझ्या जागेवर जाऊन बसते. त्यांच्या खुर्चीत कुणी बसत नाही.

उन्हाळ्यात टोळ्या परतल्या. एक दिवस खिडकीशी एक बाई उभी राहिली, कडेवर लेकरू. तिला लेकरासाठी कार्ड हवं होतं.

"तुमचं आधी नाव लावलंय का?" मी विचारलं.

"लावलं हुतं की, जायच्या दिशी सकाळी. एक काका लिहून घ्यायलते." मग जरा थांबून म्हणाली, "आमचं ट्रॅक्टर फाट्यावरून निघालं तवा तेच मागं पळत आलते. हातात वही. लई लांब पळले. आवाजात काय ऐकू यीना, अन् डायवर थांबंना. काय म्हणत हुते वो ते?"

"तुमचं नाव विचारत होते," मी म्हणाले.

"मंग सांगते की त्यास्नी. हायेत का?"

मी उठले, काकांच्या खुर्चीत जाऊन बसले, ती ओळ उघडली आणि म्हणाले, "सांगा."