आता ही चालते

बायकोला वाटतं, माझ्यातलं काही तिच्यापासून लपलेलं नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, तिचं वाटणं बरोबरही आहे — हे एवढं एक सोडून. हे तिला सांगितलं नाही, भावाला नाही, ज्या मित्राबरोबर दर सोमवारी वैजनाथाच्या दर्शनाला जातो त्यालाही नाही. देवाला तरी सांगितलं का? नाही. मंदिरात गेलो की मी नेमका घाईत असतो.

मी डॉक्टर आहे. परळीत माझा दवाखाना आहे. वर खाटा, खाली तपासणीची खोली, आणि रस्त्याच्या तोंडाला मेडिकल. मेडिकल माझ्या मेहुण्याचं आहे असं पाटीवर लिहिलंय. ते खरं आहे — पाटीपुरतं. हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढं सांगायची वेळ आली की मी ते गाळीन. माझा मला भरवसा नाही.

आणि दुसऱ्यांचाही नाही. माणूस समोर बसला की मला आधी त्याचा संशय येतो. सुरुवातीला असं नव्हतं. दवाखाना नवा होता तेव्हा एका माणसाची फी मी सोडली होती. हात जोडून रडला होता तो, लेकराच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली होती. पुढच्याच आठवड्यात मला बाजारात दिसला, नव्या गाडीला हार घालत होता. नारळ फोडून झाल्यावर मलाच पेढा दिला, आणि मी तो खाल्लाही. तेव्हापासून परिस्थिती नाही म्हणणारा कुणी आला की मी त्याच्या पायांकडं बघतो. परळीत कपड्यांवरून ऐपत कळत नाही हो. थर्मलच्या वीजकेंद्राची राख व्यापाऱ्याच्या अंगावर बसते तशीच हमालाच्या. म्हणून चप्पल बघायची. मग मोबाईल. मग बायकोच्या कानातलं. नाडीवर बोट ठेवायच्या आत माझं हे सगळं बघून झालेलं असतं. बहुतेक वेळा माझा अंदाज बरोबर निघतो — निदान मी तसं धरून चालतो. चुकलाच तर ते सांगायला कोण येणार?

लिंबाजीमामा घाटनांदूरच्या बाजूचे. मेंढपाळ. बायको सोजरबाई, पन्नाशीच्या आतबाहेर, अंगानं काटक, बोलायला मोकळी. चक्कर येते म्हणून मामा त्यांना घेऊन आले. रक्तदाब भलताच वाढलेला होता. मी गोळी लिहून दिली, रोज सकाळी, न चुकता, आयुष्यभर. कुठली गोळी, ते सांगतो — थांबा, ते नंतर.

महिन्याभरानं दोघं परत आली. रक्तदाब छान उतरला होता. सोजरबाई खुशीत होत्या, डोकं हलकं झालं म्हणत होत्या. मामा मात्र उठायचं नाव घेईनात. मग खाली बघत म्हणाले, "साहेब, गोळी लई गुणाची हाय. पर यातलीच एखांदी हलकी न्हाई का? ही पैशानं झेपंना झालीया."

हा प्रश्न रोज माझ्या कानांवर पडणारा. त्याला द्यायची उत्तरंही मला येतात. पण त्याच आठवड्यात एका लग्नाला जाताना मी मामांना रस्त्यात पाहिलं होतं. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, आणि मागं मेंढरंच मेंढरं, सबंध रस्ता अडवून चाललेली. मला गाडी बाजूला घेऊन थांबावं लागलं होतं. कळप सरेपर्यंत दुसरं काम काय? मी मनातल्या मनात हिशेब करत बसलो. एका मेंढराचे इतके, तर सगळ्यांचे किती. मामांनी मला पाहिलं नव्हतं. ते मला बरंच वाटलं — पुरावा सापडल्यासारखं.

म्हणून मी बोललो. दार उघडं होतं, बाहेरची बाकं भरलेली होती, आणि माझा आवाज मुळातच मोठा. "मामा, मी बघितलंय तुम्हाला. एवढा मोठा कळप मागं चालतो, लाखांची इस्टेट चारता रोज रानात, अन् बायकोच्या गोळीलाच का हात आखडता? एक मेंढरू कमी करा की. वर्षभराच्या गोळ्या येतील."

बाहेर हशा पिकला. मीही हसलो. सोजरबाईंनी पदर सारखा केला. मामांनी एकदा दाराकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. "बरं, साहेब," म्हणाले, आणि उठले. तीच चिठ्ठी घेऊन गेले.

तुम्ही म्हणाल, एवढंच? डॉक्टर लोक बोलतात असं फटकन. कितीतरी जण याहून वाईट बोलत असतील. मीही कितीतरी दिवस तेच म्हणत होतो. बोलणं लागलं असेल, पण मी बोललो ते त्यांच्या भल्यासाठीच ना?

नाही. आता गोळीचं सांगतो.

हलकी गोळी होती. मामांनी विचारलं तेव्हा ती मेहुण्याच्या फळीवरच होती, मागच्या रांगेत. सोजरबाईंना तिनं तेवढाच गुण आला असता. हे मला कॉलेजात असल्यापासून माहीत आहे, त्यात शंकेला जागा नाही. मी लिहिली होती त्या गोळीच्या एका पाकिटाच्या पैशात त्या साध्या गोळीची महिनाभराची सोय झाली असती. पण महागड्या गोळीत मेहुण्याला जास्त पैसे सुटायचे, आणि मेहुण्याला सुटायचे म्हणजे कुणाला, ते मी वर सांगून ठेवलंय. मामांनी तोंडानं मागितली होती ती. हात जोडले नाहीत, रडले नाहीत, सरळ विचारलं. मी "नाही" असं म्हणालो नाही. तेवढा खोटेपणा मला जमला नसता. मी मेंढरांवर बोललो.

आता वाटतं, तो संशय मला फार सोयीचा होता. ज्याच्याकडं पैसा आहे त्याच्याकडून घेतलं तर त्यात पाप कसलं? म्हणून समोरच्याकडं पैसा असायलाच हवा होता मला. मी तो शोधत होतो.

पुढं ती दोघं आली नाहीत. मी म्हटलं, बघा, राग आला. पैसेवाल्याला राग लवकर येतो.

चार-सहा महिन्यांनी आली ती जीपमधून. सोजरबाईंचं तोंड वाकडं झालं होतं, उजवा हात आणि पाय लुळा, शब्द फुटत नव्हता. लकवा. मी त्यांना दाखल करून घेतलं, जे करायचं ते सगळं केलं. मग मामांना बाजूला घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, गोळी चालू होती का? ते म्हणाले, आधी दिवसाआड दिली, पाकीट जास्त दिवस पुरावं म्हणून. मग ती बरी दिसायला लागली, तशी बंद केली. मी म्हणालो, "मी सांगितलं होतं ना, मामा?" त्यांनी मान खाली घातली. सोजरबाईंचे भाऊ शेजारीच उभे होते. त्यांनी मामांकडं ज्या नजरेनं बघितलं ती मी पाहिली. मला दोन शब्द बोलता आले असते. मी खाटेवरचा कागद वाचत राहिलो.

बिलाचा विषय निघाला तेव्हा मी पुन्हा मेंढरांवरच आलो. आता तरी विका. तर मामा म्हणाले, "आपली कुठं हायत साहेब? लोकाची हायत. अर्धलीनं."

आमच्याकडं ही रीत आहे. नोकरदार, दुकानदार, गावात राहणारा कुणीही चार मेंढ्या विकत घेतो आणि मेंढपाळाच्या कळपात सोडतो. चारायची, राखायची मेंढपाळानं. झालेली पिल्लं अर्धी अर्धी. मूळ मेंढी मालकाची. ती आजारी पडली तरी मेंढपाळाला ती विकता येत नाही. ओळख पटावी म्हणून ज्याच्या त्याच्या मेंढरांच्या पाठीवर वेगळा रंग. मामांची खूण तांबडी.

मला हे ठाऊक नव्हतं का? ऐकून होतो. पण लिंबाजीमामांच्या तोंडून ऐकल्यावर मला काय वाटलं असेल? संशय आला. बायको वर लुळी पडलेली, तरी मला वाटलं, बिल बुडवायला थाप मारतोय. रविवारी गाडी काढून मी घाटनांदूरला गेलो. मामांचा पुतण्या रानात कळप राखत होता. मी बांधावर उभा राहिलो. निळ्या पाठी, हिरव्या पाठी, पिवळ्या. तांबडी शोधावी लागत होती. पुतण्याला विचारलं, निळी कुणाची? त्यानं एका गुरुजींचं नाव घेतलं. मी ओळखत होतो त्यांना. त्या दिवशी बाहेरच्या बाकावर सगळ्यात मोठ्यानं हसले होते ते. मग आठवडाभर मी गुरुजींवरच चिडून होतो. त्यांना माहीत होतं, ते का बोलले नाहीत? माझा राग घालायला बरी जागा मिळाली होती मला.

बिल मी कमी केलं. त्याचं पुण्य धरू नका, मीही धरत नाही.

सोजरबाईंना घरी सोडायच्या दिवशी मी चिठ्ठी लिहिली. त्यात ती साधी गोळी लिहिली. मामा मेडिकलमधून पाकीट घेऊन परत वर आले. त्यांना वाटलं, चुकून दिली. "साहेब, ही लई स्वस्त पडली. चालंल का हिला?"

बघा, दार पुन्हा उघडं होतं माझ्यासाठी. "आधीही चालली असती, मामा." एवढंच म्हणायचं होतं. सोजरबाईंच्या भावांपुढं म्हणायचं होतं. मी म्हणालो, "आता ही चालते."

आता. जणू आधी चालत नव्हती, जणू आजार बदलला म्हणून गोळी बदलली. मामांच्या चेहऱ्यावर काही शंका आली नाही. त्यांनी पाकीट कपाळाला लावलं आणि खिशात घातलं.

गोळी नीट चालू राहिली असती तरी लकवा आला असता कदाचित. वैद्यकात छातीठोक काही सांगता येत नाही. हे वाक्य मी स्वतःशी इतक्यांदा म्हटलंय की आता त्याचाही मला संशय येतो.

मामा अजून येतात. दर महिन्याला रिक्षातून सोजरबाईंना आणतात, उचलून बाकावर बसवतात, पदरानं त्यांच्या तोंडाची लाळ पुसतात. सोजरबाई मला बघून अर्ध्या तोंडानं हसतात. आणि नंबर येईपर्यंत मामा बाकावरच्या लोकांशी बोलत बसतात. कुणी म्हणालं, गोळ्या लई महाग लिहितो हा डॉक्टर, की मामा त्याला समजावतात. मी आतून ऐकतो. "पैशाकडं बघू नगा. साहेब लिहितील ती घ्या, मेंढरू इका, बायकोचं डोरलं मोडा, पर घ्या. मला सांगितलं होतं त्यांनी चारचौघांत. मीच न्हाई ऐकलं. बगा हिच्याकडं."

लोक सोजरबाईंकडं बघतात. मग पुढं मेडिकलमध्ये जाऊन मुकाट्यानं पैसे मोजतात.

कधी कधी वाटतं, मामांना सगळं कळलंय. मला ऐकू यावं म्हणूनच ते दाराकडं तोंड करून मोठ्यानं बोलतात. मी दाराच्या फटीतून त्यांचा चेहरा न्याहाळला आहे, एकदा नाही, बऱ्याचदा. त्यात मला काही सापडलं नाही. ते मनापासून बोलतात.

त्यांचं बोलणं मी कधी थांबवलं नाही. मी बेल वाजवतो. पुढचा पेशंट आत येतो, आणि मी आधी त्याच्या पायांकडं बघतो.