कुंकवाचं पाणी
निरांजनातली वात विझून जळक्या कापसाचा वास आला, की मला बऱ्हाणपूरजवळची ती जिनिंग, कापसातली सरकी काढायची गिरणी, आठवते. तिथं कापूस मोठ्या पंख्याच्या वाऱ्याच्या जोरावर पत्र्याच्या मोठ्या नळातून पुढे जायचा आणि त्या वाऱ्याचा वेग मोजायचं काम माझ्याकडे होतं. नळाला जोडलेल्या काचेच्या वाकड्या नळीत कुंकवाचं पाणी असे. वाऱ्याच्या दाबाने ते एका बाजूला जितकं वर चढे, तितका वेग जास्त. एका सकाळी पाणी दोन्हीकडे सारखंच उभं होतं, म्हणजे नळात वाराच नव्हता. "पंखा तर बराबर बोंबलतोय, भाऊ. तुमची नळीच खराब असेल," पंखा सांभाळणारे मिस्त्री म्हणाले. मलाही ते पटलं. वहीत मी कालचाच आकडा लिहिला. दुपारी पत्रा हाताला चटका देऊ लागला, तेव्हा मिस्त्रींनी पंखा बंद करून झाकण उघडलं. आत कापूस गच्च तुंबला होता आणि मधोमध लालभडक धुमसत होता. भिंतीपलीकडे बायका हसत कापूस निवडत बसल्या होत्या. आम्ही बादल्या ओतल्या, आग विझली. मिस्त्री जळका कापूस उपसू लागले. मी वही उघडली. तो खोटा आकडा मी किती सुबक लिहिला होता! आजही कोणी माझ्या अक्षराचं कौतुक केलं, की नाकात तोच वास भरतो.