मामांची धडधड

अमेरिकेत भाऊबंदकी जुंपली आणि अकोल्यात माझ्या मामांची छाती रुंद झाली. या दोन गोष्टींचा संबंध त्या काळी वऱ्हाडात कोणाला समजावून सांगावा लागत नसे. तिकडचा कापूस विलायतेला जाईना, म्हणून इकडच्या कापसाला भाव आला. मामा कापसाचे दलाल होते, म्हणून मामांनाही भाव आला. पहिल्या हंगामात त्यांनी बैलांच्या शिंगांवर चांदीच्या शेंब्या चढवल्या, दुसऱ्यात स्वतःची पगडी बदलली, आणि तिसऱ्यात त्यांना वाटू लागले की आपल्या हातून गावाचे काहीतरी भले झाले पाहिजे. देवळे इतरांनी आधीच बांधून टाकली होती. उरली तालीम. मामांनी ती बांधली.

तालीम चांगली होती, यात शंका नाही. लाल मातीचा प्रशस्त हौद, कोनाड्यात मारुती, भिंतीला मुद्गलांची रांग. नागपंचमीला ती उघडायची, उघडायला जिल्ह्याचे गोरे साहेब येणार, आणि साहेबांसमोर पहिल्या बैठका स्वतः मामा मारणार, असे त्यांनी गावभर सांगून ठेवले होते. मामांनी तोवर हलवलेली सर्वांत जड वस्तू म्हणजे त्यांचा स्वतःचा देह, आणि तोही ते शक्यतो बैलांच्या दमणीत घालूनच हलवत.

मी तेव्हा अमरावतीला शाळामास्तर होतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत आंबे खायला अकोल्याला गेलो, तर मामी दारातच बसलेली. प्रवास कसा झाला, हे न विचारता म्हणाली, "बरा आला रे बापू. तुह्या मामाले समजाव. काशीले जातो म्हनून राहिले."

"यात्रेला? चांगलंच आहे की."

"यात्रेले कायचं! मराले."

मी पायातले जोडेही काढले नव्हते. मामीने उंबऱ्यावरच सगळी हकीकत सांगितली. वैशाखापासून मामा रोज पहाटे तालमीत सरावाला जात होते. चार बैठका झाल्या की छाती अशी धडधडे की कानात नगारा वाजावा, आणि घरी येऊन निजले तरी ती बराच वेळ थांबत नसे. यावरून मामांनी ताडले की आपला काळ जवळ आला आहे. गरीब माणूस अशा वेळी घाबरतो. मामांनी बेत आखला. काशीला घाटाजवळ घर पाहायला माणूसही पाठवला. आधी तालीम उघडायची, मग मरायला जायचे. साहेबांना शब्द दिला होता. यमाला तसा काही दिलेला नव्हता.

"अन् मलेही संगं नेतात," मामी म्हणाली. "पोरगी तेल्हाऱ्याहून येऊन राहिली. पहिलं बाळंतपण. भादव्यात मोकळी होईन. माय काशीले गेल्यावर तिचं कोन करीन? तालमीतला वस्ताद करीन काय?"

मामीच्या डोळ्यांत पाणी होते, म्हणून मी हसू आवरले. तिने डोळे पुसले आणि लगेच दुसरी तक्रार मांडली. येणाऱ्या बाळाच्या गादीसाठी तिने स्वतः वेचून, सरकी काढून, पिंजून मऊ कापूस माळ्यावर ठेवला होता. तोही नाहीसा झाला होता. "घरी कापसाचा दलाल, अन् देवाच्या वातीले कापूस नाही! काय म्हनावं या घराले?"

मामा बैठकीत लोडाला टेकून, आपल्याच मनगटावर अंगठा ठेवून बसले होते. मला पाहून खिन्न हसले.

"या भाचेबुवा. शेवटची भेट."

मी त्यांची नाडी पाहिली. माझ्या नाडीसारखीच होती, किंबहुना आंब्यांच्या आशेने माझी थोडी जास्तच चालत असावी. "उत्तम आहे," मी म्हणालो.

"आत्ता उत्तम असते," मामा म्हणाले. "खरी नाडी पहाटे तालमीत. तिथं पाहा, मग बोला."

एक इंग्रजी शरीरशास्त्राचे पुस्तक मी वाचले होते, त्यामुळे कष्ट केले की प्रत्येकाचेच हृदय जोरात धावते, एवढे मला माहीत होते. ते मी मामांना सांगितले. मामा म्हणाले, "प्रत्येकाचं धावत असेल. माझं पळून चाललंय." या उत्तराला त्या पुस्तकात काही नव्हते.

गावचे वैद्यबुवा येऊन गेले होते. त्यांनी रिवाजाप्रमाणे सकाळी, उपाशीपोटी, उजव्या हाताची नाडी धरून डोळे मिटले होते आणि ती हंसाच्या चालीने चालते, असे सांगितले होते. मामांनी पुन्हा बोलावल्यावर त्यांनी दुपारी, जेवणानंतर नाडी धरली. या वेळी ती बेडकाच्या, म्हणजे पित्ताच्या, चालीने निघाली. मामी दाराआडून म्हणाली, "हंस म्हना, बेडूक म्हना, मानूस जगते का नाही तेवढं सांगा!" वैद्यबुवांनी या प्रश्नावर मात्रा दिली; उत्तर दिले नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी मामांबरोबर तालमीत गेलो. वैद्यबुवांनाही बरोबर घेतले. तालीम अजून उघडली नव्हती, म्हणून आत वस्तादाशिवाय कोणी नव्हते. वस्ताद म्हणजे मानेऐवजी नुसते खांदे असलेला माणूस. मामांना पाहताच त्याने विनवणी सुरू केली; ती रोजचीच असावी.

"मालक, बंडी उतरवा. मारुतीपुढं समदे लंगोटावर असतात. हा तालमीचा कायदाच हाय."

"मी काय हमाल आहे?" मामा म्हणाले. "तालीम कोणी बांधली?"

"बांधली तुमीच. पन बजरंगबली कुठं बंडी घालून राहिले?"

मामांनी मारुतीकडे पाहिले नाही. त्यांच्या अंगात गळ्यापर्यंत बंद बांधलेली जाड बंडी होती आणि वर अंगरखा. तालमीतले मामा मला घरी उघड्या अंगाने जेवायला बसलेल्या मामांपेक्षा बरेच रुंद वाटले. उन्हाळा असा होता की पहाटेचा वाराही कोणीतरी तव्यावरून काढून दिल्यासारखा लागत होता.

मी एक तोड सुचवली. मामांनी आणि मी बरोबरीने सारख्याच बैठका माराव्यात आणि वैद्यबुवांनी दोघांच्या नाड्या एकदम धराव्यात. म्हणजे धावते ते प्रत्येकाचे की फक्त मामांचे, याचा निकाल लागेल. वैद्यबुवांना ही रीत अशास्त्रीय वाटली, पण काशीला गेलेला रोगी फी देत नाही, हे त्यांनाही कळत होते.

मी सदरा काढला. दोघेही बसू-उठू लागलो. दरवेळी वर येताना मामा मनगटावर अंगठा टेकत आणि चेहरा आणखी पाडत. आधी धडधडीची भीती, मग भीतीची धडधड. एकीने दुसरीला हाक मारावी आणि दोघी हातात हात घालून याव्यात, असे चालले होते. मग थांबलो. वैद्यबुवांनी एका हातात माझे मनगट धरले, दुसऱ्यात मामांचे. माझे हृदय थोडा वेळ दणदणले आणि हळूहळू जाग्यावर आले.

"हा घोडा पागेत आला," वैद्यबुवा माझ्याकडे मान करून म्हणाले. मग मामांकडे पाहून त्यांचा चेहरा उतरला. "हा अजून मैदानातच आहे."

मामा लालबुंद झाले होते. मी शेजारी उभा होतो, तर त्यांच्या अंगातून चुलीसारखी झळ येत होती. तेवढ्यात ते डगमगले आणि हौदाच्या काठावर मटकन बसले.

"बंद सोडा! वारा लागू द्या!" वैद्यबुवा ओरडले.

अर्धवट शुद्धीतही मामांनी दोन्ही हातांनी बंडी गच्च धरली. "नको. छातीला हात नको."

पण वस्ताद ऐकणारा नव्हता. त्याने अंगरखा बाजूला केला, बंडीचे बंद पकडून हिसका दिला, आणि बंदांबरोबर शिवणही उसवली. आतून पांढराशुभ्र, पिंजलेला कापूस फसकन बाहेर आला आणि मामांच्या मांडीवर पसरला.

मग वस्ताद हलकेच म्हणाला, "मालक, बोंड फुटलं!"

मामांनी डोळे मिटून घेतले. साहेबांसमोर पहिलवान दिसावे म्हणून त्यांनी शिंप्याकडून बंडीच्या छातीत कापूस भरून घेतला होता, आणि सराव व्हावा म्हणून वैशाखापासून रोज तो घालून बैठका मारत होते. म्हणजे वऱ्हाडच्या उन्हाळ्यात, गादी पांघरून. त्या बिचाऱ्या हृदयाला पाय हलवायचे होते, तापलेले अंग थंड करायचे होते, आणि वर दर बैठकीला मरणाची बातमी ऐकायची होती. तीन माणसांचे काम एकट्याने करायचे तर धावावेच लागणार.

आम्ही मामांच्या अंगावर पाणी शिंपडले, वारा घातला. घोडा पागेत आला. वैद्यबुवांनी नाडी सोडून गंभीरपणे निदान केले, "बाह्य पित्त." हा रोग त्यांनी तिथेच, आमच्या देखत तयार केला, आणि तो जागेवरच बराही झाला.

घरी मामीने बंडी हातात घेतली, चिमूटभर कापूस बोटांत मुरडून पाहिला आणि म्हणाली, "हे तं माह्यं!"

मामांनी सांगितले की बाजारातला कापूस त्या भावात छातीला लावणे परवडले नसते. यावर मामी जे बोलली ते मी लिहीत नाही. पण काशीचा विषय अजून संपला नव्हता. मामांनी साऱ्या अकोल्याचा निरोप घेतला होता. लोक त्यांच्याशी आदराने, दबक्या आवाजात बोलू लागले होते. आता जिवंत राहायचे कोणत्या तोंडाने?

"जा ना," मामी शांतपणे म्हणाली. "खुशाल जा. मी अथीच राहीन, पोरीपाशी. अन् लोक इचारतीन, मालक काहून गेले, तं मी ही बंडी दाखवीन."

काशीला गेलेला माणूस परत बोलावण्यात आला. वैद्यबुवांच्या मात्रेने गुण आला, असे गावाला कळले. वस्तादानेही तोंड बंद ठेवले, पण एका अटीवर.

त्या अटीमुळे नागपंचमीला मामा मारुतीसमोर लंगोटावर उभे राहिले. त्यांचे पोट इतके खरे होते की कोणालाही शंका घ्यायला जागा नव्हती. साहेब आले नाहीत. त्यांनी कारकून पाठवला. कारकुनासमोर मामांनी थोड्याच बैठका मारल्या. छाती धडधडली आणि रीतीप्रमाणे शांत झाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

भाद्रपदात मामेबहिणीला मुलगा झाला. मी बारशाला गेलो तेव्हा तो आजोबांच्या छातीवरून परत आलेल्या गादीवर निजला होता. मामा त्याच्यावर वाकले, त्यांनी त्याच्या छातीला कान लावला, आणि त्यांचा चेहरा पांढरा झाला.

"अगं, याची छाती तर माझ्यापेक्षा जोरात धडधडते! वैद्यबुवांना बोलवा!"

तान्ह्या पोराची नाडी अशीच असते, हे सांगायला मी तोंड उघडले होते, पण मामीने मला बोलूच दिले नाही.

"बसा खाली," ती मामांना म्हणाली. "त्याले अजून कोनी साहेब येनार म्हनून सांगतलं नाही. झोपू द्या."